छत कापलेली ॲम्बेसेडर

धम्मानंद मिस्त्रीला काळ्या ऑइलची कधी किळस आली नाही. लातूरला औसा रोडवर माझं बॅटरीचं दुकान आणि त्याचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळं मी त्याला रोज बघतो. कुजलेल्या एअर फिल्टरमधली मेलेली पाल तो दोन बोटांनी उचलून बाजूला टाकतो, हात धुतो आणि शांतपणे डबा उघडून जेवायला बसतो. पण लग्नात कुणी हसत हसत तोंडात पेढा कोंबायला आलं की हा माणूस दोन पावलं मागं सरकतो. गॅरेजात एखादा गोडबोल्या येऊन गेला की तो बसलेलं स्टूल फडक्यानं पुसून घेतो. त्याची बायको पंचशीला म्हणते, "ह्यांला गाडीचा वास येत न्हाई, माणसाचा येतो."

तो मूळचा बिलोलीचा. नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम शिकला आणि लग्नानंतर लातूरला आला. नव्या गाड्या कंपनीच्या शोरूमला जातात, त्यामुळं याच्याकडं येतात त्या फियाट, ॲम्बेसेडर, जुन्या जीपा. तेवढ्यावर त्याचं घर चालतं. सोलापूर-हैदराबादचे हौशी लोकसुद्धा त्याचं नाव विचारत येतात. म्हणजे यायचे. आता कमी येतात, आणि ते का, तेच सांगायचंय.

गेल्या वर्षी रुद्रेश सर त्याच्याकडं आले. लातुरात मेडिकलच्या परीक्षेचे क्लास पैशाला पासरी. त्यातला एक मोठा क्लास यांचा. सोबत टेम्पोवर चढवलेली जुनी ॲम्बेसेडर होती. शिरूर अनंतपाळकडं कुणाच्या तरी गोठ्यात ती पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातलेली, इंजिन जाम.

"मिस्त्री, ही चालू पाहिजे," सर म्हणाले. "आणि वरचं छत कापायचं. निकालाच्या मिरवणुकीत आपला टॉपर उघड्या गाडीत उभा राहिला पाहिजे. बाकीच्यांचे टॉपर ट्रॅक्टरवर, आपला असल्या गाडीत."

धम्मानंदनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "इंजिन करतो. छत कापणार न्हाई."

"का?"

"ह्या गाडीचा जोर सगळा अंगात असतो, सर. छत काढलं की ती मधून वाकते. दारं लागत न्हाईत. आणि दिसतंय कसं ते, मुंडकं उडवल्यासारखं."

सर हसले. छत त्यांनी दुसरीकडून कापून घेतलं, खालून लोखंडी पट्ट्या मारल्या, वर सोनेरी रंग फासला. ते धूड परत गॅरेजात आलं तेव्हा धम्मानंद बराच वेळ त्याच्याकडं पाठ करून बसला होता. मला म्हणाला, "भाऊ, हिच्याकडं बघवत न्हाई."

मग त्यानं काम घेतलंच का? त्याचं कारण घरात होतं. मुलगी बुद्धप्रिया त्याच क्लासात होती. संध्याकाळच्या तुकडीत, खांबाच्या मागं. तिथून अर्धा फळा दिसत नसे. 'अ' तुकडीला सर स्वतः शिकवायचे, बाकीच्या तुकड्यांना त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. सर म्हणाले, "मिस्त्री, गाडी मनापासून करा, पोरीला मी 'अ'मध्ये घेतो." धम्मानंदला हे ऐकतानाच तोंडात कडू आलं होतं. मुलीच्या हुशारीवर मिळायची जागा इंजिनाच्या मोबदल्यात मिळत होती. पण बुद्धप्रियाचा चेहरा त्यानं बघितला होता, आणि तो हो म्हणाला.

इंजिन मात्र त्यानं असं केलं की मी माझं दुकान सोडून बघायला जायचो. बोअर करून घेतलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह एकेक करून घासून बसवले. इंजिनाचं हेड बसवायच्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलेना. त्या दिवशी त्याला त्या सोनेरी धुडाचाही राग राहिला नव्हता.

गाडी नेताना त्यानं सरांना बजावलं. "थोडी चालवा. मग एका सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, माझ्याकडं आणा. हेडचे नट परत कसायचे राहतात."

"एकदा कसले ना?"

"हेडखालचं नवं गॅस्केट गरम होऊन गार झालं की दबतं, सर. वरचे नट ढिले पडतात. ते परत कसले न्हाईत तर गॅस्केट उडतं, पाणी ऑइलात जातं, आणि ही सगळी मेहनत भंगारात."

"आणतो, आणतो," सर म्हणाले.

आणली नाही. गाडी क्लासच्या दारात शोभेला उभी राहिली. येणारे पालक तिला टेकून फोटो काढायचे, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून ड्रायव्हर उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवायचा. धम्मानंद दोनदा जाऊन सांगून आला. पहिल्यांदा सर मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा ड्रायव्हर सुदर्शननं सांगितलं की सर म्हणाले, मिस्त्रीला सारखं काम काढायची सवय असते. हे ऐकून तो घरी आला आणि जेवला नाही. बुद्धप्रिया तेव्हा 'अ' तुकडीत पहिल्या रांगेत बसत होती, म्हणून तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचाही त्याला वीट यायचा.

निकाल लागला. गावात एका रात्रीत फलक उभे राहिले. चौकात, पुलावर, दवाखान्याच्या भिंतीवर, स्मशानाकडं जाणाऱ्या रस्त्यावरसुद्धा. रुद्रेश सरांच्या फलकावर एकाच मुलीचा मोठा चेहरा होता. पुनम, राज्यात वरच्या नंबरातली. खाली सरांचा हात वर केलेला फोटो.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी धम्मानंदला फोन आला. गाडी मिस मारतेय, हेडच्या बाजूनं पाणी झिरपतंय, उद्या सकाळी बंगल्यावर या.

"येतो," तो म्हणाला. "पण मी येईस्तोवर चालू करू नका. गार पाहिजे."

सकाळी तो मोटरसायकलला पेटी बांधून गेला. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. सकाळच्या कोवळ्या उन्हात व्हिडिओ चांगला येतो म्हणून त्यांनी तासभर गाडी अंगणात फिरवली होती. तापलेलं इंजिन गार होईपर्यंत नटाला पाना लावायचा नाही, हे त्याच्या उस्तादानं त्याच्या अंगात भिनवलेलं. तो बॉनेट उघडं टाकून बाजूच्या लिंबाखाली बसला.

अशा बंगल्यात मिस्त्री बसलेला असला की तो कुणाला दिसत नाही. त्याच्यासमोर लोक काहीही बोलतात.

ओट्यावर पुनमला उभं केलं होतं. अंगात क्लासचं नाव छापलेला टी-शर्ट. पाकिटातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तिचे वडील रामकिशन, किनवटकडं वनखात्याच्या डेपोवर पहारेकरी, नवा पांढरा शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर बसले होते. मागं सरकून बसायचाही त्यांना संकोच वाटत होता.

"विचारलं की काय सांगायचं?" सरांनी विचारलं.

"दोन वर्षं रुद्रेश सरांच्या क्लासमध्ये शिकले," पुनम म्हणाली.

"हसून गं. आणि शाळेच्या त्या सरांचं नाव नको. लोक गोंधळतात."

मग पेढा. सरांनी पेढा भरवला, फोटोवाला म्हणाला उजेड कमी आहे. परत भरवला. मग सरांच्या बायकोनं. मग गावातल्या कुणा प्रतिष्ठितानं, ज्याच्या बोटांत अंगठ्या रुतल्या होत्या. पोरीनं आधीचा गिळायच्या आत दुसरा येत होता. हनुवटीवर चुरा लागला तर सरांनी तो आपल्या अंगठ्यानं पुसला आणि तोच अंगठा चाटला. धम्मानंदनं मान फिरवली.

जरा वेळानं ती नळाकडं आली. नळ गाडीच्या बाजूलाच होता. तिनं तोंडातला लगदा थुंकला, चूळ भरली, परत भरली.

"हे पाणी घे," धम्मानंदनं आपली बाटली पुढं केली. "टाकीचं नको पिऊस."

ती घटाघट प्याली. "काका, तुम्ही गाडीवाले का?"

"मिस्त्री. गाडी गार व्हायची वाट बघून राहिलो. माझी पोरगी हाय इथल्या 'अ' तुकडीत. बुद्धप्रिया. ओळखत असशील."

पुनमनं ओट्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी कुणालाच नाही ओळखत, काका. ह्या क्लासची पायरी मी काल पहिल्यांदा चढले."

"मग दोन वर्षं?"

"आमच्या निवासी शाळेत होते. तिथले एक सर पहाटे उठून आम्हाला शिकवायचे. जुने पेपर गोळा करून आणायचे. हे लोक निकालाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन घरी आले. बाबांना म्हणाले, पुढं शिकताना पुस्तकं देऊ, राहायची सोय करू, फक्त नाव द्या. बाबा हो म्हणाले." तिनं बाटली परत दिली. "आमच्या सरांना मी अजून फोन केला नाही. काय सांगू?"

तेवढ्यात तिला हाक आली आणि ती गेली.

ज्या क्लाससाठी धम्मानंदची पोरगी इतके दिवस खांबाआडून मान वाकडी करत होती, त्या क्लासाला फलकावर लावायला स्वतःचं पोरगं मिळालं नव्हतं. दुसऱ्याचं उचलून आणलं होतं. आणि ज्यानं पहाटे उठून शिकवलं त्याचं नावही काढायचं नव्हतं. मला हे सांगताना तो म्हणाला, "भाऊ, गटार उपसताना वास येतो न्हाई का, डोक्यात बसतो तसा. अंघोळ केली तरी जात न्हाई. तसं झालं बघ."

इंजिन गार झालं. त्यानं वरचं झाकण काढलं, गोटी पाना आणि टॉर्क पाना घेतला. हेडवरचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात कसायचे असतात, नाहीतर हेड एका अंगाला ओढलं जातं. एकेक नट थोडा सैल करायचा आणि मग ठरलेल्या जोरापर्यंत परत आवळायचा. जोर पुरा झाला की पाना कट्कन आवाज देतो.

बरेचसे नट चांगलेच ढिले निघाले. पाणी झिरपतंय यात नवल नव्हतं.

त्याच वेळी त्याच्या मनात आलं, की बाहेरचे दोन सोडून द्यावेत. कुणाला कळणार? मिरवणूक अर्ध्यावर गेली की गाडी स्वतःच वाफ सोडील. त्यानं पाना बाजूला ठेवलाही. पण हात काही ऐकेना. हे इंजिन त्यानं केलं होतं. त्या गॅस्केटचं, त्या हेडचं काय चुकलं होतं? त्यानं पाना परत उचलला आणि शेवटचा नटसुद्धा आवाज येईपर्यंत कसला. टॅपेट तपासले, झाकण लावलं, गाडी चालू केली. ती अशी गोड चालली की ओट्यावरचे लोक माना वळवून बघू लागले.

"वा मिस्त्री!" सर ओरडले.

धम्मानंदला स्वतःच्याच हाताची शिसारी आली. त्यानं फडक्यानं बोटं पुसली, परत पुसली.

दुपारी आणखी एक अडचण निघाली. गाडीचा गिअर स्टेअरिंगला, आणि सुदर्शनला तो मिरवणुकीच्या चालीनं टाकता येईना. दर धक्क्याला मागची माणसं पुढं कोसळत. शेवटी सर म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच चालवा." त्याच्या डोक्यावर भाड्यानं आणलेला फेटा चढवला. आतून तो कुणाच्या तरी घामानं आधीच ओला होता.

संध्याकाळी चारला निघालेली मिरवणूक मी गांधी चौकात उभा राहून बघितली. पुढं डीजेचा ट्रक, त्यामागं नाचणारी पोरं, मागं सोनेरी ॲम्बेसेडर. पुनम गळ्यात हार घालून मागं उभी, शेजारी रुद्रेश सर पांढऱ्या कपड्यांत, हात हलवत. रामकिशन पुढच्या सीटवर धम्मानंदच्या बाजूला अंग चोरून बसलेले. गल्लीत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन चाललेला एक रिक्षावाला अडकला होता. तो हॉर्न वाजवायचा आणि पोरं त्याच्याच हॉर्नवर नाचायची. मला वाटलं होतं आपला मिस्त्री आज मिशीला पीळ देऊन बसला असेल. पण त्याचा चेहरा उलटी आवरून धरल्यासारखा होता.

पुढं गंजगोलाईच्या अलीकडं स्टेज होतं. माईक, कॅमेरे, पाहुणे. तिथं पुनमनं ते पाठ केलेलं वाक्य बोलायचं होतं.

स्टेज दिसायला लागलं तशी ती पुढं वाकली आणि धम्मानंदच्या कानाशी म्हणाली, "काका, ही गाडी बंद नाही का पडू शकत?"

त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "न्हाई बाई. आज तर बिलकुल न्हाई पडणार."

हे बोलताना त्याच्या आवाजात कामाचा अभिमान होता, आणि तो त्याचा त्यालाच ऐकू आला. ती परत सरळ उभी राहिली.

मग त्याला रस्त्याच्या कडेला 'अ' तुकडी दिसली. सगळ्यांना सारखे टी-शर्ट घालून रांगेत उभं केलं होतं, हातात फुलांच्या पाकळ्यांची ताटं. बुद्धप्रिया तिसरी-चौथी असेल. गाडी जवळ आली तशा पोरी पाकळ्या फेकू लागल्या, 'पुनमताई' म्हणून घोषणा देऊ लागल्या. बुद्धप्रियाही देत होती. जिला त्यांनी वर्गात कधी बघितलं नव्हतं तिच्या नावानं. सगळ्या जणींना खरं माहीत होतं आणि सगळ्या जणी ओरडत होत्या. बापाला फेट्यात बघून बुद्धप्रियानं हात हलवला.

धम्मानंदनं किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडलं. डीजे पुढं गेला, गाडी जागेवर. मागची गर्दी येऊन धडकली. त्यानं खाली उतरून बॉनेट उघडलं आणि आत वाकून कॉइलची वायर काढून खाली दाबून ठेवली. मग सुदर्शननं कितीही किल्ली मारली तरी इंजिन नुसतं घुरघुरलं.

"काय झालं?" सर वरूनच ओरडले.

"गॅस्केट गेलं, सर."

"सकाळी तर नट कसले होते तुम्ही!"

आमच्या औसा रोडवर त्याच्या नावाला जे काही वजन होतं ते याच गोष्टीचं होतं, की धम्मानंदनं कसलेला नट परत बघावा लागत नाही.

"ढिले राहिले," तो मोठ्यानं म्हणाला. "चूक माझी हाय."

लोक हसले. दहा-वीस मोबाईल वर झाले. कुणीतरी डीजेवाल्याला सांगून मिस्त्रीच्या नावानं शिट्टी वाजवली. सर खाली उतरले आणि चौकात, सगळ्यांसमोर, त्याला वाटेल ते बोलले. भंगारवाला म्हणाले, चोर म्हणाले, ज्याला पाना धरता येत नाही त्यानं भीक मागावी म्हणाले. तो फेटा हातात घेऊन ऐकत उभा राहिला. मी गर्दीतून पुढं जाईपर्यंत त्याच्या शर्टावर कुणाची तरी गुटख्याची पिचकारी उडाली होती.

"चल, चालत जाऊ स्टेजवर," सर पुनमला म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला.

ती खाली उतरली, दोन पावलं चालली आणि तिला भडाभडा उलटी झाली. सकाळपासूनचे सगळे पेढे. सरांच्या पांढऱ्या पायजम्यावर शिंतोडे उडाले. सरांनी हात असा झटकला की जणू गळू फुटलं. फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली केले. ज्या गर्दीला तिला हात लावायची इतकी घाई होती ती आता नाकावर रुमाल धरून गोल मागं सरकली.

रामकिशन मात्र पुढं आले. त्यांनी खिशातला रुमाल काढून मुलीचं तोंड पुसलं, तिच्या गळ्यातला हार काढला आणि गाडीच्या सीटवर ठेवून दिला.

"सर, आम्ही जातो," ते म्हणाले. "पोरीला बरं न्हाई."

"अहो, दोन मिनिटं! नुसतं बोलायचंय!"

"न्हाई जमणार."

एवढंच. त्यांनी अडकलेल्या गर्दीतून वाट काढली, ऑटो थांबवला आणि स्टँडकडं निघून गेले. जाताना पुनमनं मागं वळून बघितलं, पण धम्मानंद बॉनेटखाली वाकलेला होता. स्टेजवर मग सरच अर्धा तास बोलले.

पुढं जे व्हायचं ते झालं. 'वाजतगाजत बंद पडली' असं लिहून तो व्हिडिओ गावभर फिरला. हैदराबादचा एक गाडीवाला आपलं अर्धवट काम उचलून घेऊन गेला. माझ्या दुकानावर येणारे लोक विचारायचे, हाच का तो ढिल्या नटांचा मिस्त्री? मला राग यायचा, आणि धम्मानंद भिंतीपलीकडून ऐकत असायचा, पण त्यानं कधी तोंड उघडलं नाही. माझ्याकडंही त्यानं हे सगळं पावसाळा उलटल्यावर सांगितलं.

बुद्धप्रियाला दुसऱ्याच दिवशी 'अ' तुकडीतून काढलं. परत खांबामागं बसायला सांगितलं तेव्हा ती दप्तर घेऊन घरी आली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बापाशी बोलणं बंद. पंचशीलानं समजावलं, तिनं ऐकलं नाही. मैत्रिणी तिला व्हिडिओ पाठवत होत्या.

एका संध्याकाळी ती गॅरेजात आली. "पप्पा, खरं सांगा. तुमचे नट ढिले राहत नाहीत. मी लहानपणापासून बघते. काय झालं होतं?"

त्यानं सगळं सांगितलं. नळावरची गोष्ट, पेढे, किल्ली, कॉइलची वायर. त्याला वाटलं होतं आता पोरगी जवळ येईल.

ती म्हणाली, "पुनमनं विचारलं म्हणून केलंत. मला नाही विचारलं. जागा माझी गेली ना?"

तो म्हणाला, "तुला फुलं फेकताना बघितलं आन् मला सहन झालं न्हाई."

"मला तरी कुठं होत होतं?" ती म्हणाली. "दोन दिवस त्यांनी घोषणांची तालीम घेतली. शिकवायचं सोडून. आम्ही सगळ्या घरी जाऊन एकमेकींना घाण घाण वाटतंय म्हणून मेसेज करायचो. तरी गेले मी. कारण पहिली रांग होती." मग ती रडली. त्यानं हात पुसून तिच्या डोक्यावर ठेवला, पण ते सहज झालं नाही, आणि तिनं तो थोडा वेळच राहू दिला.

आता ती नांदेडला पंचशीलाच्या बहिणीकडं राहते. तिथल्या अभ्यासिकेत सकाळी जाते, स्वतःच पेपर सोडवते. तिनं पुनमचा नंबर शोधून काढला, आणि पुनमनं तिच्या शाळेतल्या त्या सरांचा दिला. ते सर आता रविवारी फोनवर तिच्या शंका सोडवतात. पुनमनं त्यांना घरी पोचल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं म्हणे; ते एवढंच म्हणाले की बरं झालं, उलटी झाली.

त्या ॲम्बेसेडरचंही ऐका. सरांनी ती दुसऱ्या मिस्त्रीकडं दिली. त्यानं वायर जोडून गाडी चालू केली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती; पण त्याला कामाचं मोल लावायचं होतं, म्हणून त्यानं चांगलं बसलेलं हेड उगाच उतरवलं आणि कसंतरी परत बसवलं. आता तिच्यातून खरंच पाणी गळतं. सुदर्शन एकदा हळूच येऊन विचारून गेला, मिस्त्री, बघता का? धम्मानंद म्हणाला, "त्या गाडीला मी हात लावणार न्हाई. तुझं काय दुसरं काम असंल तर आण."

मागच्या महिन्यात मी आणि तो नांदेडला गेलो, बुद्धप्रियाला डबा पोचवायला. स्टँडवरून निघालो तर चौकात एक भला मोठा फलक. नांदेडच्याच एका भलत्या क्लासचा. त्यावर पुनमचाच फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या नांदेड शाखेची शान'. परवानगी कुणी दिली, की नुसता मोबाईलवरून उचलला, कोण जाणे.

धम्मानंद रस्त्यात थांबला. बघत राहिला. मग तोंड वाकडं करून कडेला जाऊन थुंकला.

"पप्पा," घ्यायला आलेली बुद्धप्रिया म्हणाली, "तीन आहेत असे. पुढच्या चौकातला बघा, त्यात तिला चष्मापण लावलाय." आणि ती हसायला लागली. धम्मानंदला हसू आलं नाही. त्यानं डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "चल, भाजी विटायच्या आत खाऊन घे."